अडगळीतल्या ग्राफिक्स कार्डाला विज्ञानाचं काम

लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणाऱ्या दुकानांत, फ्लेक्स छापणाऱ्यांकडे, संगणक दुरुस्तीच्या टेबलाखाली एक वस्तू हमखास पडलेली असते: जुनं ग्राफिक्स कार्ड. गिऱ्हाइकाला आता फोर-के व्हिडिओ हवा असतो, त्यासाठी नवं कार्ड येतं आणि आठ-दहा वर्षं राबलेलं जुनं कार्ड फळीवर जातं. मराठवाड्यातल्या सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यात त्याला गेमर गिऱ्हाईक मिळणं अवघड, आणि भंगारवाला त्याची किंमत वजनावर करणार. पण त्या कार्डाची गणिती ताकद संपलेली नसते. जगभरातले अनेक संशोधन प्रकल्प अशाच घरगुती कार्डांवर चालतात. मालक स्वेच्छेने वीज आणि यंत्राचा वेळ देतो, कार्ड आकडेमोड करतं आणि निकाल इंटरनेटवरून शास्त्रज्ञांकडे जातो. याला स्वयंसेवी वितरित संगणन म्हणतात.

जुनं कार्ड यात खरंच उपयोगी पडतं, पण त्याला जमेल असं काम निवडलं आणि विजेचा हिशोब आधी मांडला, तरच. या दोन गोष्टी नीट समजून घेण्यासाठी हा लेख.

आधी कार्ड काय करतं ते पाहू. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे मोजके, पण फार हुशार गणक. ग्राफिक्स कार्डात साधे गणक शेकड्यांनी, हजारांनी असतात. सोयाबीनच्या रानात टोळी उतरते, प्रत्येक जण आपली पात धरतो आणि सगळे एकाच वेळी एकच काम करत पुढे सरकतात. कार्डाची रीत तीच. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग ठरवणं हे एकसारखं, पुन्हा पुन्हा करायचं काम असतं आणि कार्ड त्यासाठीच घडलं. विज्ञानातली बरीच आकडेमोडही अशीच असते. प्रथिनातल्या प्रत्येक अणूवर कोणतं बल लागतं, आकाशाच्या प्रत्येक बिंदूतून येणाऱ्या संकेतात ठरावीक ठेका आहे का, प्रश्न तोच आणि आकडे वेगळे. एनव्हिडियाचं २०१४ सालचं जीटीएक्स ७५० टीआय हे त्या काळचं स्वस्त कार्ड. त्यात ६४० गणक आहेत आणि ते सेकंदाला सुमारे १.३ टेराफ्लॉप, म्हणजे एक लाख तीस हजार कोटी गणिती क्रिया करू शकतं.

घरगुती संगणक विज्ञानाला देण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन अविभाज्य संख्या (२ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या) शोधण्यासाठी ‘गिम्प्स’ हा प्रकल्प सुरू केला. मे १९९९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून ‘सेटी-अ‍ॅट-होम’ आलं आणि परग्रहावरच्या संकेतांच्या शोधात पन्नास लाखांहून अधिक लोक सामील झाले. त्याच गटातल्या डेव्हिड अँडरसन यांनी पुढे ‘बॉइंक’ हे सॉफ्टवेअर तयार केलं. आज या क्षेत्रातले बरेचसे प्रकल्प त्यावरच चालतात. ‘फोल्डिंग-अ‍ॅट-होम’ हा प्रथिनांच्या हालचालींचा अभ्यास करणारा प्रकल्प २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला आणि २००६ मध्ये त्याने ग्राफिक्स कार्डावर चालणारी आवृत्ती आणली. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, जगभरच्या घराघरांतली यंत्रं या प्रकल्पाला जोडली गेली आणि त्यांची एकत्रित ताकद एका एक्साफ्लॉपच्या, म्हणजे दहा लाख टेराफ्लॉपच्या पुढे गेली. तेव्हाच्या कोणत्याही एका महासंगणकाला हे जमलेलं नव्हतं. कोरोना विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनाची कवाडं कशी उघडतात, हे त्या गणनेतून अणूंच्या पातळीवर दिसलं.

सास्तूरच्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा प्रकल्प मात्र वेगळा आहे, कारण त्याची नाळ थेट मराठवाड्याशी जुळते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला अंतिम मंजुरी दिली. खर्च २,६०० कोटी रुपये. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेझरचा झोत फिरेल आणि अवकाशाच्या अतिसूक्ष्म आकुंचन-प्रसरणाची नोंद होईल. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. अशा नोंदींच्या गोंगाटातून नेमका संकेत वेगळा काढण्याच्या गणितात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. तिथे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच, म्हणजे पहिली लहर सापडायच्या चोवीस वर्षं आधी, संकेताचे अपेक्षित नमुने तयार करून ते नोंदींशी जुळवून पाहण्याच्या पद्धतीवर पायाभूत काम केलं.

हे नमुने जुळवण्याचं काम प्रचंड असतं आणि तिथेच घरगुती कार्डांची गरज लागते. २००५ मध्ये सुरू झालेला ‘आईनस्टाईन-अ‍ॅट-होम’ हा प्रकल्प लायगोच्या नोंदींमध्ये सलग वाहणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधतो. न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती गरगरा फिरत असेल आणि त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटा असेल, तर त्यातून अखंड, एकसुरी पण अतिशय क्षीण लहर निघत राहते. ती पकडण्यासाठी महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी एकत्र जोडाव्या लागतात. त्या काळात पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरत असते, त्यामुळे लहरीची वारंवारता सतत थोडी बदललेली दिसते (हाच डॉप्लर परिणाम). हा बदल आकाशाच्या प्रत्येक दिशेला निराळा. म्हणून प्रत्येक दिशा, प्रत्येक वारंवारता आणि तारा मंदावण्याचा प्रत्येक संभाव्य वेग धरून पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागते. अशी सलग लहर अजून कोणालाही सापडलेली नाही. शोध सुरू आहे.

याच प्रकल्पाने रेडिओ दुर्बिणींच्या आणि फर्मी या उपग्रहाच्या नोंदींतून मात्र अनेक नवे न्यूट्रॉन तारे शोधले. ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झालेला त्यातला पहिला तारा सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरतो. तो अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक गृहस्थ यांच्या संगणकांवर हाती लागला. २०२० मध्ये स्वयंसेवकांच्या ग्राफिक्स कार्डांच्या बळावर आणखी एक अद्भुत तारा सापडला: तो दोन मिलिसेकंदांच्या आत एक फेरी पूर्ण करतो आणि त्याचा हलका जोडीदार त्याच्याभोवती ७५ मिनिटांत प्रदक्षिणा घालतो.

आता तुमच्या संगणकावर नेमकं काय घडतं ते बघा. बॉइंक बसवून प्रकल्प निवडला की सॉफ्टवेअर सर्व्हरला कळवतं: कार्ड अमुक, मेमरी इतकी, ड्रायव्हर असा. त्याप्रमाणे सर्व्हर कामाचा एक तुकडा पाठवतो. नोंदींची एक फाइल आणि ‘एवढी दिशा, एवढी वारंवारता तपास’ असा आदेश. कार्ड कामाला लागतं. मध्ये ठरावीक वेळाने आतापर्यंतची प्रगती डिस्कवर लिहून ठेवली जाते, त्यामुळे वीज गेली तरी काम पहिल्यापासून सुरू होत नाही, शेवटच्या नोंदीपासून पुढे चालतं. काम संपलं की निकालाची छोटी फाइल परत जाते. पण शास्त्रज्ञ एकट्या यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. अनेक प्रकल्पांत तोच तुकडा दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रालाही दिलेला असतो आणि दोन्ही निकाल जुळले तरच तो पक्का मानतात. तापून चुका करणारं किंवा खराब मेमरीचं कार्ड इथेच उघडं पडतं. तुमच्या खात्यावर ‘एरर’ किंवा ‘इनव्हॅलिड’चे शेरे वाढू लागले तर आधी कार्डाची तब्येत तपासा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. या कामाचे पैसे मिळत नाहीत. क्रेडिट मिळतात, पण ते केवळ किती काम केलं याची नोंद असतात. क्रिप्टो चलनाच्या मायनिंगशी याचा संबंध नाही. मात्र मायनिंगचा एक परिणाम बाजारात दिसला. इथेरियम या क्रिप्टो चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि जगभर वापरलेल्या कार्डांचा ढीग विक्रीला आला. त्यातलं कार्ड घेताना पंखे आणि मेमरीची अवस्था बघूनच घ्या.

जुनं कार्ड कामाचं आहे की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं. पहिली, मेमरी. २ जीबीच्या कार्डाला काही कामं मिळतच नाहीत. ४ जीबी असेल तर बरेच दरवाजे उघडतात. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबीचं आणि ७५ वॅटचं आहे, आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबलही लागत नाही. गावातल्या साध्या संगणकात ते सहज बसतं. दुसरी गोष्ट ड्रायव्हर. कंपन्या जुन्या पिढीच्या कार्डांसाठी नवे ड्रायव्हर काढणं थांबवतात. एएमडीने २०२१ मध्ये आपल्या अनेक जुन्या रेडिऑन कार्डांचा आधार काढून घेतला, तर एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचा प्रवास ४७० मालिकेच्या ड्रायव्हरपाशी थांबला. कार्डासाठी निघालेला शेवटचा ड्रायव्हर मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. विंडोजने आपोआप टाकलेल्या ड्रायव्हरमध्ये कित्येकदा ओपनसीएल हा भाग नसतो, आणि तो नसेल तर यातली बरीच कामं चालत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत रंजक: आकड्यांची अचूकता. गेम खेळायला सात-आठ अंकांपर्यंतची अचूकता पुरते, तिला सिंगल प्रिसिजन म्हणतात. काही गणितांना पंधरा-सोळा अंक लागतात, ती डबल प्रिसिजन. नव्या घरगुती कार्डांमध्ये कंपन्यांनी डबलचा वेग फार कमी ठेवला आहे. २०२३ च्या आरटीएक्स ४०६० मध्ये तो सिंगलच्या एक चौसष्टांश आहे. म्हणजे सिंगलमध्ये १५ टेराफ्लॉप, पण डबलमध्ये पाव टेराफ्लॉपच्याही आत. याउलट २०१२ च्या सुरुवातीला बाजारात आलेलं रेडिऑन एचडी ७९७० सिंगलमध्ये ३.८ टेराफ्लॉप देतं आणि डबलमध्ये त्याचा पाव हिस्सा, म्हणजे ०.९५ टेराफ्लॉप. दहा-अकरा वर्षं जुनं कार्ड या एका कामात नव्यापेक्षा चौपट वेगवान! नवं कार्ड ११५ वॅट आणि जुनं २५० वॅट घेतं हे धरलं, तरी वॅटमागे जुनंच सरस ठरतं.

मर्सेन संख्या अविभाज्य आहे की नाही याची मुख्य तपासणी डबल प्रिसिजनवर चालते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना गिम्प्समधून सापडलेली, तेव्हापर्यंतची सर्वांत मोठी अविभाज्य संख्या जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १. ती ४,१०,२४,३२० अंकी आहे. ग्राफिक्स प्रोसेसरवर सापडलेली ही पहिली मर्सेन अविभाज्य संख्या. त्यांनी वापरलेले प्रोसेसर डेटा सेंटरमधले महागडे होते. घरगुती कार्ड त्यांची बरोबरी करणार नाही. पण मोठ्या तपासणीआधी संख्येचे लहान विभाजक शोधून ती बाद करण्याचं कामही तितकंच गरजेचं असतं, आणि त्याला डबल प्रिसिजन लागत नाही. साधं कार्ड तिथे उत्तम चालतं. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता ६१७४ या संख्येची करामत शोधणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या महाराष्ट्रात संख्यांचं हे वेड समजावून सांगावं लागू नये.

आता विजेचा हिशोब. जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅट घेतं. उरलेल्या संगणकाचे ५० वॅट धरा, एकूण ११०. दिवसरात्र चालवलं तर दिवसाला २.६४ युनिट आणि महिन्याला सुमारे ७९ युनिट. ज्या घराचा वापरच शंभर युनिटच्या आत आहे, तिथे एवढ्या भाराने बिल वरच्या टप्प्यात जाईल आणि दरही वाढेल. एचडी ७९७० चा संगणक ३२० वॅट धरला तर महिन्याला तब्बल २३० युनिट. आणि सिंगल प्रिसिजनच्या कामात आरटीएक्स ४०६० एका युनिटमध्ये ७५० टीआयच्या जवळजवळ सहापट काम करतं. म्हणून ‘जुनं आहे, फुकटात चालेल’ हे म्हणणं खरं नाही. चोवीस तास चालवायचं असेल तर जुन्या कार्डाचा सौदा तोट्याचा आहे, तुमच्या खिशालाही आणि पर्यावरणालाही.

जुनं कार्ड शोभतं ते मोजक्या तासांच्या कामाला. रोज सहा तास चालवलं तर तोच ७५० टीआयचा संगणक महिन्याला साधारण २० युनिट घेतो. बॉइंकमध्ये कामाची वेळ ठरवून देता येते. सकाळी दहा ते चार लावून ठेवा. छतावर सौरपॅनेल असतील तर हेच तास सर्वांत सोयीचे. फक्त एक ध्यानात असू द्या: नेट मीटर असलेल्या घरात जादा वीज ग्रीडला जाऊन बिलात वळती होते, त्यामुळे दुपारची वीजही आपोआप फुकट ठरत नाही. वर्षाअखेर शिल्लक युनिट उरत असतील तरच ती खरी वाढीव वीज.

कार्डावर वीज-मर्यादा घालणं हा आणखी एक उपाय. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अनेक कार्डांची मर्यादा ७०-८० टक्क्यांवर आणता येते. वेग थोडा उतरतो, पण वीज आणि उष्णता त्याहून जास्त प्रमाणात कमी होतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, खोलीतच चाळिशीच्या जवळ पारा असताना, हे करायलाच हवं. एप्रिल-मे सरळ बंद ठेवलं तरी विज्ञानाचं काही बिघडत नाही.

काम सुरू करण्याआधी कार्डाची एकदा साफसफाई करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. मग मागच्या बाजूचे चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू तिरपे, आळीपाळीने सैल करा आणि हीटसिंक अलगद उचला. जुनी थर्मल पेस्ट बहुधा वाळून खपली झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा, चिपच्या मधोमध नवी पेस्ट थोडीशीच लावा आणि स्क्रू पुन्हा तिरपेच आवळा. पंख्याची पिन लावायला विसरू नका. नंतर अर्धा तास काम चालवून तापमान बघा. ८० अंशांच्या आत स्थिर राहिलं तर कार्ड तयार. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर यूपीएस हवाच, आणि पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचा हवा.

वीज येत-जात असलेल्या ठिकाणी प्रकल्पाची निवडही जपून करावी. फोल्डिंग-अ‍ॅट-होमला निकाल लवकर हवे असतात, कारण एका तुकड्याचा निकाल आल्याशिवाय पुढचा तुकडा तयार होत नाही. आईनस्टाईन-अ‍ॅट-होममध्ये साधारण आठवडा-दोन आठवड्यांची मुदत मिळते. दिवसाचे सहा तास चालणाऱ्या कार्डाला हाच प्रकल्प जास्त मानवतो.

अनेक लहान यंत्रं मिळून मोठी गोष्ट कशी कळते, याचा आणखी एक नमुना सास्तूरकरांनी ऐकावा असा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सास्तूर उद्ध्वस्त झालं. ज्या दख्खनच्या भूभागाला स्थिर समजलं जात होतं, तिथे हजारो माणसं गेली. भूकंप नेमका कुठे, किती आणि कसा हादरवतो हे कळायला दाट पेरलेली यंत्रं लागतात, आणि ती महाग असतात. २००८ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ कॉक्रन आणि जेसी लॉरेन्स यांनी ‘क्वेक-कॅचर नेटवर्क’ सुरू केलं. लॅपटॉप पडताना हार्ड डिस्क वाचवण्यासाठी बसवलेले कंपन-संवेदक आणि यूएसबीला लावायचे स्वस्त संवेदक त्यांनी बॉइंकवर जोडले. एकच संगणक हलला तर कुणीतरी दार आपटलं असेल; एका भागातले अनेक संगणक एकाच वेळी हलले तर जमीन हलली आहे. २०१० मध्ये चिली आणि न्यूझीलंडमधल्या मोठ्या भूकंपांनंतर तिथल्या स्वयंसेवकांच्या घरांत हे संवेदक बसवून पुढच्या धक्क्यांची नोंद घेतली गेली. या कामाला ग्राफिक्स कार्डही लागत नव्हतं. लागत होती ती सामान्य घरांची साथ.

म्हणूनच मला वाटतं, अशा उपक्रमाची खरी जागा शाळेची किंवा महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा आहे. संस्थेची रीतसर परवानगी घ्यावी, सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावं आणि एका संगणकात एकच जुनं कार्ड बसवावं. मुलांनी रोज तापमान, युनिट आणि पूर्ण झालेले तुकडे वहीत लिहावेत. त्यातून वॅट आणि युनिट, सरासरी, चूक आणि पडताळणी यांचे धडे आपोआप होतात; डॉप्लर परिणाम का शिकायचा हेही कळतं. औंढ्याची वेधशाळा सुरू होईल तेव्हा मराठवाड्यातल्या या मुलांना तिचं काम परकं वाटणार नाही, कारण त्याच शोधाचे तुकडे त्यांनी आपल्या हातांनी तपासून पाठवलेले असतील.

महिनाभर चालवून बघा आणि मीटर वाचा. खर्च झेपत असेल तर पुढे चालू ठेवा. झेपत नसेल तर थांबण्यात कमीपणा नाही. मात्र तेव्हा कार्ड उकिरड्यावर किंवा जाळून तांबं काढणाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका, नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. नाहीतर त्यातले घातक घटक आपल्याच मातीत आणि पाण्यात उतरतात. वस्तूची उपयुक्तता शेवटपर्यंत वापरणं आणि ती संपली की तिची नीट विल्हेवाट लावणं, या दोन्ही जबाबदाऱ्या आपल्याच आहेत.